बाबांची किड्यांची वही

भादव्यातलं ऊन चढलं की आमच्या यवतमाळात घरोघरच्या गाद्या गच्चीवर येतात. चार महिन्यांच्या ओलीनं जड झालेल्या गाद्या, कपाटाच्या तळाशी दडपलेल्या साड्या, लोकरीच्या शाली, सगळं उन्हात पडतं आणि गल्लीभर एक कोंदट, किंचित आंबूस वास सुटतो. लहानपणापासून मला तो वास आवडायचा. सणांचे दिवस जवळ आल्याचा वास होता तो. आता दोन वर्षं झाली, हा वास आला की मला माझ्याच घरात कुठे तोंड लपवावं ते कळत नाही.

परवा मी कपाट रिकामं करत होते. जुन्या फायलींच्या गठ्ठ्यातून एक कसर सुळकन निघाली आणि लाकडाच्या फटीत शिरली. चांदीच्या वर्खाचा एक तुकडा पळाल्यासारखी. हात आपोआप चपलेकडे गेला आणि तिथेच थांबला. कसर पाहिली की मला मारेगाव आठवतं, आणि मारेगाव आठवलं की बाबांचं भिंग.

बाबा जमीन मोजणीच्या खात्यात होते. मारेगाव, मुकुटबन, उमरखेड, ढाणकी, खातं नेईल तिथे आम्ही. रविवारी त्यांचं काम निघालं की दुपारचा डबा घेऊन मी कचेरीत जायची. तिथे एका लांबट खोलीत जुने नकाशे असत, मागून कापड लावलेले. कापड कागदाला खळीनं चिकटवलेलं असे आणि त्या खळीसाठी पावसाळ्यात कसर येई. एखादा नकाशा उलगडताना दोन-चार चकाकत्या कसरी इकडेतिकडे पळत. मी किंचाळायची. बाबा माझ्या हातात भिंग देत.

"भेऊ नोको. पाह्य आधी. पुढून रुंद, मागं निमुळती. शेपट्या किती दिसून राह्यल्या?"

"तीन."

"तीन म्हंजे कसर. इले खळ पाह्यजे, कागद उगाच तिच्या तोंडी जाते."

असं त्यांनी मला एकेक ओळखायला शिकवलं. वाळवी आली की आधी माती येते. झुरळाचं पिल्लू चपटं, मिशा लांब, आणि कसरीसारखं चमकत नाही. दमट पुस्तकावर जो पांढुरका ठिपका तुरुतुरु चालतो, तो बुरशी खाऊन जगतो, माणसाच्या वाटेला जात नाही. लोकरीच्या कपड्यात सापडते ती केसाळ अळी, तिचे केस अंगाला लागले तरी खाज सुटते, ती काही चावत नाही. बाबांना कुठल्याच किड्याची किळस नव्हती. नाव कळल्याशिवाय मारायचं नाही, असा त्यांचा नियम होता. शेताची हद्द ठरवताना ते जसे खुणेच्या दगडाजवळ उकिडवे बसत, तसेच नकाशावरच्या किड्याजवळ वाकत.

मला वाटतं, पुढे मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला तो त्या भिंगामुळेच. गेली बावीस वर्षं मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रोज सकाळी नऊपासून मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते. लोकांचं रक्त, लघवी, थुंकी. कुठली कोण माणसं, त्यांच्या काचा मी नीट पाहते, दोनदा पाहते. हे इथे लिहून ठेवते आहे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आई गेल्यावर बाबा एकटे राहू शकेनात, म्हणून मी त्यांना आमच्याकडे आणलं. माझा नवरा विलास स्वतः जाऊन त्यांचं सामान घेऊन आला. तरी लेकीच्या घरी कायमचं राहणं त्यांच्या जिवाला लागलंच. आपला कप ते आपणच विसळत. आंघोळीचं पाणी अर्धी बादली घेत. पंखा एकवर ठेवत. आमची मुलगी ऋचा नागपूरला शिकायला गेली होती, तिची खोली आम्ही त्यांना दिली. त्या खोलीच्या खिडकीत कूलर होता. आमच्याकडे उन्हाळा संपला तरी कूलर काढायचा कंटाळा असतो, दिवाळीच्या साफसफाईलाच तो निघतो. कूलरच्या मागे कबुतरं घुमत. "सोबत आहे," बाबा म्हणत.

ते वर्ष परवाचंच वाटतं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गल्लीतली लेकरं लाकडी बैल घेऊन दारात आली होती. मी त्यांना खाऊ वाटत होते, आणि बाबा मागून हळूच म्हणाले, "संध्या, मले काहीतरी चावून राह्यलं."

त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. दंडावर लाल पुरळ होतं. मच्छर असेल म्हणून मी मच्छरदाणी लावली. दोन दिवसांनी ते पोटावर आलं, मग कमरेवर. ढेकूण असतील म्हणून विलासनं त्यांचा पलंग उघडला, फटींमध्ये उकळतं पाणी ओतलं, गादी उन्हात टाकली, उसवून पाहिली. एक ढेकूण सापडला नाही. ढेकणाचे काळे डाग नाहीत, वास नाही. डॉक्टरांनी लावायला लोशन दिलं, घामोळं म्हणाले. आम्ही निश्चिंत झालो. आम्ही केलं नाही असं काहीच नव्हतं, असं तेव्हा मला वाटत होतं.

पण बाबांचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी ऋचाची एक कोरी वही मागून घेतली, आणि चिकटपट्टी. पहाटे उठल्यावर ते उशीच्या खोळीवर, चादरीवर, कधी स्वतःच्या पोटावर पट्टी दाबायचे आणि ती वहीत चिकटवायचे. खाली त्यांचं ते मोजणीच्या नोंदीसारखं अक्षर. दिनांक. वेळ. जागा: उशी, डावी बाजू, खिडकीकडील. आकार: टाचणीच्या टोकाहून लहान. रंग: राखाडी, खाल्ल्यावर लाल. कसर नव्हे. ढेकूण नव्हे. पिसू नव्हे, उडी मारत नाही.

मी पाहिलं तर पट्टीवर काही ठिपके. धूळ असावी, कातडीचा कोंडा असावा.

"तुह्या दुर्बिणीखाली धर न एकदा," ते म्हणायचे. मायक्रोस्कोपला ते दुर्बीणच म्हणत. "या भिंगात पुरतं दिसत नाही मले. पाय मोजता येत नाहीत नीट."

मी पट्टी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकायची. संध्याकाळी ते फाटकाशी उभे असायचे. मी चपला काढायच्या आत विचारायचे, "पाह्यलं?"

"बाबा, धूळ आहे ती."

पहिल्या दिवशी मला खरंच वेळ मिळाला नाही. तापाची साथ होती, बाकावर माणसं दाटीनं बसलेली, एकेक जण कळवळत होता. पण दुसऱ्या दिवशी वेळ होता. तिसऱ्या दिवशीही होता. काच घ्यायची, त्यावर पट्टी दाबायची, डोळा लावायचा, एका मिनिटाचं काम. मी केलं नाही, कारण लॅबमधल्या दोघी विचारतील, "मॅडम, हे कोनाचं?" आणि मला सांगावं लागेल की माझे बाबा अंगावरची धूळ वहीत चिकटवतात. मला त्यांची लाज वाटायला लागली होती. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला त्या वर्षी घर भरलं होतं. विलासचे ऑफिसमधले लोक, माझ्या नणंदा, शेजारचे. सोळा भाज्यांचा वास, आंबील, पुरणाच्या पोळ्यांचा ढीग. पंगत अर्ध्यावर आली असताना बाबांनी ताटावरून हात उचलला, डाव्या हातानं सदरा वर केला आणि खिशातून चिकटपट्टी काढली. सगळ्यांच्या देखत त्यांनी ती पोटावर दाबली, उजेडाकडे धरून पाहिली, आणि घडी करून खिशात ठेवली. मग पुन्हा जेवायला लागले. पंगतीतलं बोलणं थांबलं होतं. विलासचे एक साहेब पानाकडे पाहत राहिले.

मी वाढत होते. कढीचं भांडं हातात होतं. मी वाकून दातांतल्या दातांत म्हटलं, "बाबा, लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे न," ते म्हणाले. "आत्ता जिता सापडला."

स्वयंपाकघरात माझ्या मोठ्या नणंदेनं विचारलं, "काय होते वो तुह्या बाबाले?" मी म्हटलं, "भास होतात त्यांना. आई गेल्यापासून. किडे दिसतात." मी आवाज बारीक करून बोलले नाही. दाराशी बाबा हात धुवायला आले होते. त्यांनी ऐकलं. नळाखाली त्यांनी बराच वेळ हात धुतले, आणि खोलीत गेले.

दसऱ्याच्या आधी आम्ही त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. मीच पुढाकार घेतला. अशा वयात, जोडीदार गेल्यावर, अंगावर किडे चालल्याचा भास होतो आणि लोक डब्यांमध्ये, कागदांमध्ये धूळ गोळा करून दाखवायला आणतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं आपल्या घरात दिसलं की माणसाला आपल्या शहाणपणाचा केवढा भरवसा वाटतो! विलास म्हणाला होता, "एकदा तू तपासून तर पाह्य." मी म्हटलं, "तू लॅबमध्ये आहेस का मी?"

डॉक्टर भले होते. त्यांनी घाई केली नाही. बाबांना झोप, भूक, आईविषयी विचारलं. वही उघडून चार पानं वाचली. "काका, अक्षर फार सुरेख आहे तुमचं," म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"ताई, तुम्ही लॅबमध्ये आहात ना? या पट्ट्या मायक्रोस्कोपखाली पाहिल्या का तुम्ही?"

"हो," मी म्हटलं. "दोन-तीनदा पाहिल्या. काही नाही त्यात. धूळ आणि कोंडा."

इतकं सहज आलं ते तोंडातून. नजरही हलली नाही. पाहिलं नाही असं सांगितलं असतं तर मी कशी टेक्निशियन, आणि कशी लेक?

बाबा माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला वाटतं त्यांना आनंदच झाला होता, मी पाहिलं म्हणून. घरी मी नुसतंच "धूळ आहे" म्हणायची. दुर्बिणीत पाहून म्हणते आहे, हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

"पाह्यलं तू?"

"हो बाबा."

"काहीच नाही दिसलं?"

"काहीच नाही."

त्यांनी वही मिटली. डॉक्टरांना म्हणाले, "मंग माह्याच डोयात काही असन. ते मशीन खोटं नाही बोलणार."

गोळ्या सुरू झाल्या. आठवड्याभरात बाबा शांत झाले. आम्ही म्हणायला लागलो, गुण आला. ते दुपारीही झोपायला लागले. चालताना पाय ओढत. वरणभाताचा घास तोंडात तसाच राही आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळे. एकदा वाण्याच्या यादीवर त्यांनी काहीतरी लिहायला घेतलं, तर हात इतका थरथरला की अक्षरं ओळीवरून घसरली. आयुष्यभर ज्यानं नकाशावर केसाएवढ्या रेघा ओढल्या त्या माणसानं पेन टेबलावर ठेवून दिलं आणि तो माझ्याकडे पाहून ओशाळं हसला. वही कपाटावर गेली होती. किड्यांचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

दिवाळीला ऋचा आली. तिला तिची खोली द्यावी म्हणून बाबा स्वतःच आपलं अंथरूण हॉलमधल्या दिवाणावर घेऊन आले. तिसऱ्या दिवशी सकाळी ऋचा स्वयंपाकघरात आली आणि कुर्ता वर करून म्हणाली, "आई, हे पाह्य काय झालं. काहीतरी चावलं मले."

कमरेभोवती लाल पुरळ.

मी चकल्यांचा सोऱ्या तसाच ठेवला. हात पुसले. कपाटातून चिकटपट्टी काढली, तिच्या उशीवर दाबली, चादरीवर दाबली आणि त्याच पावली लॅबमध्ये गेले. सुट्टीच्या दिवसांमुळे लॅबमध्ये एकटीच होते. काच लावली, डोळा लावला, फोकस फिरवला.

गोलसर, फुगीर अंग. एकाच्या पोटात लाल रक्त. मी पाय मोजले. आठ. पुन्हा मोजले. आठ. किडा नव्हताच तो. गोचिडीच्या जातीतला, अगदी बारीक. पक्ष्यांच्या घरट्यात असतो, पिल्लं उडून गेली की उपाशी होऊन माणसावर येतो. आम्हाला कोर्सला होता.

मग घरी येऊन कपाटावरची वही काढली आणि पुन्हा लॅबमध्ये गेले. पोळ्यापासूनची पानं. एकेक पट्टी सोडवली, काचेवर ठेवली. काही पट्ट्यांवर खरंच धूळ होती. अकरा पट्ट्यांवर ते होते. सुकलेले, चपटे झालेले, पण होते. महालक्ष्म्यांच्या दिवशीची पट्टीही होती, खाली लिहिलेलं: "पंगतीत सापडला. जिवंत." आणि शेवटच्या पानावर, डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी: "उन्हात भिंग धरून पाहिले. पाय आठ असावेत. तसे असल्यास हा कीटक नव्हे. संध्याला विचारणे."

विलासनं कूलर ओढून काढला तेव्हा मागे, जाळीच्या कडेला, कबुतराचं घरटं होतं. काड्या, पिसं, वाळलेली शीट. पिल्लं नव्हती. विलासनं टॉर्च मारला आणि एकदम मागे सरला. घरट्याची धूळ हलत होती.

नरकचतुर्दशीला पहाटे मी बाबांना तेल लावायला बसले. इतके दिवस ते आपणच लावून घेत. त्या वर्षी हात उचलत नव्हता म्हणून त्यांनी लावू दिलं. सदरा काढला आणि मला त्यांची पाठ दिसली. खांद्यापासून कमरेपर्यंत पुरळ. जुनं, काळं पडलेलं, त्यावर नवं, कुठे खपल्या. गोळ्या सुरू झाल्यानंतरही रोज चावत होतं. दिवाणावर झोपायला आल्यापासून नवं फुटायचं थांबलं असावं.

माझा तेलाचा हात तिथेच राहिला.

"बाबा, हे चावत नव्हतं का तुम्हाला?"

"चावे न."

"मग बोलले काहून नाही?"

गोळ्यांनी त्यांचं बोलणं संथ झालं होतं.

"तू पाह्यलं होतं न दुर्बिणीत. काही नाही म्हणे. मंग म्या समजलो, आपलं डोक्सं खाजून राह्यलं, आंग नाही."

बाहेर कुणीतरी फटाका लावला. ऋचा उटण्याची वाटी घेऊन दारात आली आणि माझ्याकडे पाहून तशीच परतली. मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी त्यांच्या पाठीवर हलक्या हातानं तेल चोळत राहिले, आणि "पाणी निवतं आहे, उठा," एवढंच म्हटलं.

भाऊबीज झाली, तशी मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. काचेचा फोटो मोबाइलमध्ये दाखवला. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"पण तुम्ही म्हणाला होता, पाहिलं म्हणून."

"नव्हतं पाहिलं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते गोळ्या कशा कमी करत न्यायच्या ते लिहू लागले. चिठ्ठी देताना म्हणाले, "मी दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यायला हवं होतं. चूक माझीही आहे. पण त्यांना तुम्हीच सांगा. त्यांना आपल्या डोळ्यांवरचा विश्वास परत मिळाला पाहिजे."

त्या संध्याकाळी मी सांगितलं. बाबा अंगणात खुर्चीवर होते. मी पायरीवर बसले.

"बाबा, ते खरंच होते. कबुतराच्या घरट्यातले. आठ पाय."

त्यांचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी. "आठ? म्या लिहिलं होतं!"

"हो. मी वाचलं."

"मंग तवा काहून नाही दिसले तुले?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. पट्टीवर ते सापडलेच नसतील, असं म्हणता आलं असतं. त्यांनी मानलंही असतं.

"तेव्हा मी पाहिलंच नव्हतं बाबा. एकदाही नाही. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं."

ते अंगणातल्या जास्वंदीकडे पाहत राहिले. त्यांच्या मांडीवरचा हात थरथरत होता, तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरला. मला वाटलं ते ओरडतील. लहानपणी एकदा त्यांचं मोजणीचं सामान मी न विचारता खेळायला नेलं होतं तेव्हा ओरडले होते तसे. मी वाट पाहत होते.

"साथ होती न तवा तापाची," शेवटी ते म्हणाले. "तुले कुठचा येळ."

माझ्यासाठी निमित्त त्यांनीच शोधून दिलं. मी ते घेतलं नाही, पण परत करायलाही तोंड नव्हतं. रडू आलं, पण त्यांच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता, म्हणून आत जाऊन रडले.

हळूहळू गोळ्या बंद झाल्या. खोली धुतली, खिडकीला जाळी ठोकली, पुरळ गेलं. हाताची थरथर जवळजवळ गेली. ते पुन्हा पेपर वाचतात, शब्दकोडं भरतात, विलासशी पाऊसपाण्यावर बोलतात. माझ्याशी तर पूर्वीपेक्षा गोड वागतात. लॅबमधून आले की पाणी आणून देतात, भाजीत मीठ कमी असलं तरी बोलत नाहीत. परक्याच्या घरी पाहुणा जसा प्रत्येक गोष्टीला छान म्हणतो, तसं. "बाबा, बरं वाटतं का?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "बढिया." त्यांनी मला माफ केलं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारत असे. हल्ली विचारत नाही. माफ त्यांनी त्याच संध्याकाळी केलं होतं, त्याला इलाज नव्हता, मी त्यांची लेक आहे. पण त्यानंतर त्यांना काय दुखतं, काय खुपतं, हे मला कळायचं बंद झालं.

गेल्या रविवारी बाजारात शोभा भेटली. कोर्सला माझ्यासोबत होती ती, आता बसस्टँडच्या पलीकडे एका लॅबमध्ये असते. अंबाडीच्या जुड्या निवडता निवडता म्हणाली, "तुहे बाबा बरे आहेत न आता?"

"बरे आहेत. काहून?"

"अगं, लघवीची जळजळ होती न त्यायले. दोनदा येऊन गेले माह्याकडे. पस सेल्स होत्या पहिल्यांदा, परवा क्लिअर आली. मले वाटलं तू सुट्टीवर असशील म्हणून आले असतील."

"हो," मी म्हटलं. "सुट्टीवरच होते."

"माह्याजवळ उभे राहून पाहत होते. म्हणे, नीट पाह्य बाई. मी म्हटलं, काका, बसा तुम्ही, मी पाह्यते. पण बसले नाहीत."

घरी आले तर बाबा ओट्यावर बसले होते. मी अंबाडी त्यांच्यापुढे ठेवली, त्यांनी न सांगता पानं खुडायला घेतली. बोटं आता स्थिर आहेत त्यांची.

"बाबा, शोभा भेटली होती."

त्यांनी अंबाडीची पुढची काडी उचलली.

"माझ्याकडे का नाही दिली तपासायला?"

बाबांनी वर पाहिलं नाही. एक पिकलेलं पान बाजूला काढलं, मग दुसरं.

"तुही लॅब लांब पडते, माय," ते म्हणाले.

आमच्या फाटकात उभं राहिलं की चौकातली माझ्या लॅबची पाटी दिसते. शोभाकडे जायला दोन ऑटो बदलावे लागतात.

"हो," मी म्हटलं. "लांबच पडते." आणि त्यांच्यासमोर बसून अर्धी अंबाडी माझ्याकडे ओढून घेतली.